सुरूच्या खांबावरून जेवणाची खुर्ची: सांगाडा उभा राहिला

नाशिकच्या सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापासून पंचवटीतल्या जुन्या वाड्यांपर्यंत लाकडी खांब बघत फिरलो, आणि खुर्चीच्या पुढच्या पायांसाठी सुरूचा, म्हणजे सुरूच्या झाडासारख्या आकाराचा, खांबच पक्का केला. तळाशी आवळलेला, मग फुगीर, वर जाताना पुन्हा बारीक. नक्षी मात्र घेतली नाही. कोरलेल्या पाकळ्यांत आमटीचे थेंब आणि धूळ बसते, आणि खांबाचं खरं देखणेपण त्या चढत्या रेषेतच आहे.

लाकूड उतरवलेल्या वाड्याच्या तुळईचं, जुनं सागवान. असं लाकूड घेणाऱ्यांनी रंधा लावण्याआधी लोहचुंबक जरूर फिरवावं. आत मोडके खिळे असतात, पात्याची धार क्षणात जाते.

लेथवर पाय काढताना वरचा तीन इंचांचा भाग चौकोनीच ठेवला. गोल पायात कुसू (पट्टीच्या टोकाची, पायाच्या भोकात बसणारी जीभ) बसवला तर खांद्याला, म्हणजे कुसवाच्या मुळाशी असलेल्या कडेला, टेकायला सपाट जागा राहत नाही. जेवण झाल्यावर माणूस मागे रेलतो, तेव्हा सगळा ताण पुढचा-मागचा पाय जोडणाऱ्या बाजूच्या पट्टीच्या मागच्या सांध्यावर येतो. म्हणून पट्टी अडीच इंच रुंद, कुसू सव्वा इंच लांब. बैठक पुढे १८ इंच, मागे साडेपंधरा, खोली १६; म्हणजे बाजूच्या पट्ट्या साधारण साडेचार अंश तिरक्या. इथे काटकोनाच्या गुण्याचा उपयोग नाही, हवा तो कोन धरणारा बेव्हल लावूनच खांदे आखावे लागतात. कुसू पट्टीच्या रेषेतच ठेवला, भोक तेवढं तिरकं पाडलं. उलट केलं की कुसवातले तंतू आडवे कापले जातात आणि जोर तिथेच कमी पडतो. कुसू पटाशीने तासत तासत, हाताने दाबला की आत जाईल आणि मोगरीच्या हलक्या ठोक्याने पूर्ण बसेल, इतका घट्ट केला. तो शेवटचा ठोका ऐकायला फार बरं वाटतं!

सागाच्या अंगात तेल असतं, त्यामुळे सरस लावायच्या जरा आधी सांधे थिनरने पुसले. आधी मागची चौकट, मग पुढची, शेवटी बाजूच्या पट्ट्या.

बैठकीची उंची १८ इंच, कारण टेबल ३० इंची आहे. वर वेत विणणार: दोन उभ्या, दोन आडव्या, दोन तिरप्या फेऱ्या. एप्रिल-मेच्या उकाड्यात फोमपेक्षा वेत कधीही बरा. पाठीला वाड्याच्या खिडकीतल्या गजांसारख्या बारीक उभ्या काड्या, आणि पॉलिशऐवजी बेलतेल (जवसाचं उकळलेलं तेल). काड्या सरळ ठेवाव्यात की कमरेपाशी किंचित बाक द्यावा, हे ठरायचंय. ज्यांनी बाक दिलेल्या काड्यांच्या खुर्च्या केल्यात, त्यांनी बाक कितीचा ठेवला ते कळवा.