घोड्यामागून जाताना

आज सकाळी इंग्लंडमधील सरे परगण्यातल्या, दोन्ही बाजूंना उंच झुडपांचे कुंपण असलेल्या अरुंद रस्त्यावरून सायकलने जात असताना पुढे दोन घोडेस्वार दिसले. घोड्याला अगदी पाठीमागचे दिसत नाही आणि आवाज न करता जवळ आलेल्या सायकलीला तो बिचकतो, म्हणून मी दुरूनच हाक दिली. स्वारांनी हात उंचावून प्रतिसाद दिला.

तेवढ्यात एक मोटार वेग कमी न करता आम्हाला अगदी खेटून पुढे गेली आणि पुढच्या घोड्याने दचकून बाजूला उडी घेतली. त्यावर जेमतेम बारा वर्षांची मुलगी होती. माझ्या छातीत धस्स झाले.

येथील 'हायवे कोड'मध्ये, म्हणजे रस्ता वापरण्याच्या नियमावलीत, जानेवारी २०२२ पासून स्पष्ट म्हटले आहे, की घोड्याजवळून जाताना वेग ताशी १० मैलांच्या आत असावा आणि किमान २ मीटर अंतर ठेवावे. सायकलस्वाराला ओलांडताना, ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगात, ते अंतर किमान दीड मीटर आहे. बिचकलेला घोडा क्षणात बाजूला उडी घेतो, हे आज डोळ्यांनी पाहिल्यावर ते २ मीटर मला कमीच वाटले.

मुलीने मान थोपटत घोड्याला शांत केले. रस्ता रुंद होईपर्यंत मी सायकल हातात धरून त्यांच्या मागे चालत राहिलो.