वेळासला कासवं बघायला: दोन मुक्कामांचा प्रवास आणि त्याची तयारी

फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिल हा वेळासचा हंगाम. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ हे नारळी-पोफळींचं गाव आहे. नाना फडणवीसांचं मूळ गाव म्हणून ते जुन्या पिढीला माहीत होतं. आता लोक येतात ते ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघायला. गावात हॉटेलं जवळजवळ नाहीत, राहायचं ते गावकऱ्यांच्या घरात. घरं मोजकी, म्हणून पाहुणेही मोजके. ही मर्यादा टिकली म्हणून वेळास टिकलं आहे, तेव्हा प्रवासाची आखणी करतानाच ती धरून चालायला हवी.

सगळ्यात आधी तारीख. कासवीण नोव्हेंबर ते मार्चच्या दरम्यान रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांसारख्या पायांनी साधारण दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालून वाळू लोटते आणि निघून जाते. पुढे ४५ ते ६० दिवसांत पिल्लं बाहेर येतात. थंडीत घातलेल्या अंड्यांना जास्त दिवस लागतात, वाळू तापू लागली की कमी. म्हणजे १० जानेवारीला सापडलेलं घरटं साधारण मार्चच्या पहिल्या आठवड्यात उघडेल. त्यामुळे जाहीर झालेल्या कासव महोत्सवाच्या तारखा बघून थेट बुकिंग करू नका. ज्या घरी उतरणार त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: यंदा किती घरटी आहेत, आणि तुमच्या तारखांच्या आसपास किती घरट्यांचे दिवस भरतात. एखादंच भरत असेल तर तारीख बदललेली बरी. तीन-चार भरत असतील तर संधी चांगली, पण हमी कोणीच देऊ शकत नाही. ‘पिल्लं नक्की दिसतील ना?’ हा प्रश्न ज्यांना फार छळतो त्यांनी मत्स्यालयात जावं.

वार निवडताना बहुतेकजण चुकतात. शनिवारी दुपारी पोचून रविवारी सकाळी परत निघणाऱ्याला एक संध्याकाळ आणि एक सकाळ मिळते, तीही सगळ्यात मोठ्या गर्दीत. त्यापेक्षा रविवारी दुपारी पोचा, मंगळवारी सकाळी निघा. गर्दी परत जात असताना तुम्ही गावात शिरता. रविवार संध्याकाळ, सोमवार सकाळ-संध्याकाळ आणि मंगळवार सकाळ, अशा चार वेळा हाती लागतात. घरवाल्यांनाही आठवड्याच्या मधले पाहुणे हवेच असतात, कारण शनिवारी गाद्या पुरत नाहीत आणि सोमवारी घर रिकामं असतं.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना दोन वाटा आहेत. एक माणगाव, म्हसळा करत हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याला येऊन फेरीबोटीने सावित्री ओलांडून वेसवीला उतरायचं, तिथून बाणकोटमार्गे वेळास. दुसरी मंडणगडवरून. फेरीबोटीत गाडी जाते, पण सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर रांग लागते आणि एका फेरीत गाड्या मावतात त्या मोजक्याच. शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर पलीकडचे दिवे बघत मोठा वळसा मारावा लागेल. एसटीने येणाऱ्यांनी मंडणगड गाठावं. कोकण रेल्वेने आलात तर माणगावला उतरून पुढची गाडी पकडायची. पेट्रोल, एटीएम, औषधं हे सगळं मंडणगडलाच उरकून घ्या. रोख पैसे हवेतच, मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही आणि रेंज नसली की क्यूआर कोडचा नुसता कागद उरतो.

घरी उतरल्यावर अपेक्षा घरच्याच ठेवा. झोपायला ओटी किंवा माजघर, बऱ्याच ठिकाणी सामायिक न्हाणीघर, जेवण साधं आणि बहुधा शाकाहारी: घावन, कुळथाचं पिठलं, सोलकढी, मोसमात कुयरीची (कोवळ्या फणसाची) भाजी. जेवणाची माणसं आधी कळवलेली असतात, तेवढाच भात चढतो. सहा सांगून नऊजण आलात तर त्या घरच्या बाई उपाशी राहतात, एवढं साधं ते गणित आहे. पाण्याचंही तसंच. कोकणात पाऊस मुबलक असला तरी मार्चनंतर विहिरी खाली जातात. समुद्रात डुंबून आल्यावर वीसजणांनी वाळू धुवायला धो धो पाणी ओतलं तर दुसऱ्या दिवशी पंप कोरडा ओढतो. अंगाची वाळू किनाऱ्यावरच झाडा आणि एका बादलीत आंघोळ उरका.

गावातून सुरूच्या बनातून किनाऱ्यावर चालत जायला पंधरा-वीस मिनिटं धरा. वयस्कर माणसं बरोबर असतील तर थोडं आधी निघा, कारण पिल्लं सोडायच्या वेळा ठरलेल्या असतात: सकाळी साधारण सातला, संध्याकाळी सहाच्या सुमारास. नेमकी वेळ आदल्या दिवशी कळते. उन्हाच्या वेळी वाळू इतकी तापते की पिल्लू पाण्यापर्यंत पोचण्याआधीच भाजून निघेल, म्हणून दुपारी पिल्लं सोडत नाहीत.

किनाऱ्यावर भरतीच्या रेषेपासून आत एक कुंपण घातलेली जागा दिसते. ते संवर्धन केंद्र. कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारी माणसं, पहाटे किनारा फिरतात आणि वाळूवर उमटलेल्या कासविणीच्या वल्ह्यांच्या खुणांवरून घरटं हुडकतात. अंडी काही तासांच्या आत, न उलटवता उचलायची असतात, कारण पुढे आतल्या गर्भाने एक बाजू धरली की अंडं फिरवलं तर तो मरतो. मग कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा, तशाच सुरईच्या आकाराचा खड्डा करून ती पुरतात आणि तारीख व अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लावतात. या पाट्या वाचा. तुमच्या मुक्कामाचं भविष्य त्यांच्यावरच लिहिलेलं असतं. दिवस भरत आलेल्या घरट्यावर टोपली पालथी घातलेली असते, म्हणजे रात्रीतून वर आलेली पिल्लं भटकत नाहीत आणि खेकडे, कुत्री त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. टोपली उचलल्यावर खाली कधी पाच पिल्लं असतात, कधी साठ, कधी नुसती वाळू. एका घरट्यातली पिल्लं दोन-तीन दिवस टप्प्याटप्प्याने येत राहतात, तेव्हा सकाळी काही नसलं तरी संध्याकाळी जाणं सोडू नका.

पिल्लू तळहातावर आरामात मावेल एवढं, काळपट, नुकतंच वाळूतून निघाल्यामुळे डोळ्यांच्या कडांना दाणे चिकटलेलं. ते पाण्यापासून काही मीटरवर सोडतात. चार पावलं टाकून थांबतं, मान उचलतं, पुन्हा निघतं. लाट आली की उलटं मागे फेकलं जातं. इथेच लोकांचे हात शिवशिवतात. उचलून पाण्यात सोडायचं नाही. स्वतःच्या पायांनी हा पट्टा ओलांडणं पिल्लाच्या पुढच्या आयुष्याला लागतं, आणि मादी मोठी होऊन जन्माच्याच किनारपट्टीकडे परतते यामागे या पहिल्या प्रवासाचाही वाटा असावा असं अभ्यासक मानतात. शिवाय ही प्रजाती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत आहे. पिल्लू हातात घेऊन सेल्फी काढणं हा गुन्हाच आहे.

दोरीच्या मागे उभं राहायला सांगतात त्याला एक कारण आहे, आणि ते फारसं कोणी समजावून सांगत नाही. ओल्या वाळूत उमटलेलं माणसाचं पाऊल पिल्लासाठी खड्डा असतो. एका पावलातून वर चढण्यात त्याची मिनिटं जातात, पन्नास पावलांत सगळी ताकद. पोटातल्या बलकाची शिदोरी घेऊन ते निघालेलं असतं, तीवरच त्याला पहिले काही तास न थांबता खोल पाण्याकडे पोहायचं असतं. त्याच कारणाने ‘अजून आमचे दोघं यायचेत, पाच मिनिटं थांबा ना’ असा आग्रह कासवमित्रांना करू नका. टोपलीत थांबलेलं पिल्लू हातपाय मारतच असतं, शिदोरी तिथेच संपत जाते. पाहुण्यांसाठी पिल्लं थांबवून ठेवायची की नाही, यावर अशा सगळ्याच किनाऱ्यांवर वाद होऊ शकतो. रात्री आलेली सकाळी आणि दिवसा आलेली संध्याकाळी सोडणं ही वेळासची तडजोड आहे. ती आणखी ताणू नये.

प्रकाशाचं तर विचारूच नका. पिल्लं उजेडाच्या दिशेने जातात, नैसर्गिक किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते. फ्लॅश, मोबाइलची बॅटरी, गाडीचे हेडलाइट यांनी ती उलटी फिरतात. रात्री किनाऱ्यावर जायचंच नाही. अंडी घालायला आलेली मादी उजेड किंवा हालचाल दिसली की तशीच परत फिरते. गोव्यात मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे किनारे आहेत. तिथल्या मोरजी-आगोंदला शॅक, दिवे, संगीत आधी येऊन बसलं आणि नंतर वनखात्याला वाळूचे तुकडे राखून ठेवावे लागले. वेळासला क्रम उलटा लागला हे त्या गावाचं नशीब, आणि काही माणसांची मेहनत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे काम सुरू केलं तेव्हा अंडी सर्रास चोरीला जात होती. २००६पासून कासव महोत्सव भरू लागला आणि अंड्यांपेक्षा पाहुण्यांतून जास्त पैसे मिळतात हे घराघरांत पटलं. पुढे वनखातं आणि खारफुटी जपणारा सरकारी कांदळवन कक्षही यात आले. २०२२च्या जानेवारीत इथल्याच एका मादीला उपग्रह ट्रान्समीटर लावला, तिचं नाव ‘प्रथमा’.

हे गणित पाहुणा गावात राहिला तरच जुळतं. सकाळी गाडीने येऊन पिल्लं बघून, वाळूत चिप्सचं पाकीट टाकून दहाला निघून जाणाऱ्याकडून गावाला मिळतो तो फक्त कचरा. आणि तो उचलायला शहरासारखी घंटागाडी येत नाही. म्हणून आणलेलं प्लास्टिक पिशवीत भरून परत न्या. रिकाम्या बाटल्या, डायपर, सगळंच. घरासाठी सामान विकत घ्यायचं असेल तर गावातलीच कोकमं, आगळ, पोह्याचे पापड घ्या. पैसे थेट त्या घरात जातात.

सोबत काय घ्यावं: गडद रंगाचे कपडे, टोपी, घरापासच्या अंधारापुरती लाल कागद लावलेली विजेरी, भरून न्यायची पाण्याची बाटली, पहाटेसाठी पातळ स्वेटर, आणि लहान मुलं असतील तर एखादी दुर्बीण. दोरीमागून तिचा खरा उपयोग होतो. ड्रोन घरीच ठेवा.

मधल्या दुपारी बाणकोटचा किल्ला बघून होतो. जांभ्या दगडाचा, लहान, वरून खाडीचं मुख छान दिसतं. तास-दीड तास पुरे.

वेळासची घरं भरलेली असतील तर दापोली तालुक्यात आंजर्ले आहे. तिथेही घरटी जपतात, पिल्लं सोडतात आणि राहायच्या जागा जास्त आहेत. तिथे गेलात तर खोली घेतानाच विचारा की समुद्राच्या बाजूचे दिवे रात्री बंद करतात का. पाच-दहा ग्राहकांनी हे विचारलं की मालक दिव्यांना झापड लावून घेतो. वेळासहून मंगळवारी परतताना फेरीबोटीने जाणार असाल तर पिल्लं बघून, न्याहारी करून नऊला निघालात तरी चालेल, रविवारची रांग तोवर ओसरलेली असते.