दोन आया, एक भाभी आणि आमचा उमरा

माझा नवरा मलेशियाचा, मलय. मी कोकणी मुसलमान. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन पोरं आहेत, घरात तीन-चार भाषा चालतात. उमऱ्याला, म्हणजे मक्क्याच्या छोट्या यात्रेला, जायचं ठरलं तेव्हा वाटलं नेहमीसारखी एक ट्रिप, फक्त बॅगा जास्त. मग माझी अम्मी म्हणाली मी पण येते, नवऱ्याची आई म्हणाली मी पण येते (त्यांना आम्ही मक म्हणतो, मलयमध्ये आई), आणि अम्मीसोबत कोणीतरी हवं म्हणून माझी भाभी पण आली, ती हैदराबादची. भावाला सुट्टी मिळाली नाही. तर एक पुरुष, चार बायका, दोन पोरं.

व्हिसापासूनच गंमत सुरू झाली. सौदीने 2019 च्या सप्टेंबरमध्ये टुरिस्ट ई-व्हिसा सुरू केला तेव्हा पहिल्या 49 देशांच्या यादीत मलेशिया होता, त्या व्हिसावर उमरा पण करता येतो. म्हणजे नवरा, मक आणि पोरं, सगळ्यांचं काम सोफ्यावर बसून झालं. माझा पासपोर्ट भारतीय, मग मला एजंट, फोटो, फॉर्म, परत फोटो. त्यात मलय लोकांना आडनाव नसतं, मुलाच्या नावापुढे बिन आणि बापाचं नाव, मुलीच्या नावापुढे बिन्ती, त्यामुळे माझ्या आणि माझ्याच पोरांच्या नावात एक अक्षर जुळत नाही. मदिना एअरपोर्टवर काउंटरवरचा माणूस कधी पासपोर्टकडे बघतोय कधी पोरांकडे, शेवटी धाकटी मला "मामा" (ती आईला मामा म्हणते) म्हणून रडायला लागली तेव्हा त्याने शिक्का मारला. रडणं कधी नव्हे ते कामाला आलं.

आम्ही मुद्दाम आधी मदिना घेतलं. थेट जेद्दाहला उतरायचं तर मीकातच्या, म्हणजे ज्या हद्दीपुढे उमऱ्याला एहरामशिवाय जाता येत नाही तिच्या आधी, विमानातच एहराम (पुरुषांचे दोन न शिवलेले पंचे) बांधून उमऱ्याची नियत करावी लागते आणि सात वर्षांच्या पोराला विमानाच्या टॉयलेटमध्ये दोन पांढरे पंचे गुंडाळायची माझी हिंमत नव्हती. मदिनेहून मक्क्याला जाताना शहराबाहेरच ज़ुलहुलैफाची मीकात लागते, मलेशियातले लोक तिला बीर अली म्हणतात, तिथे मोठी मशीद आहे, अंघोळीची सोय आहे. लहान मुलं असतील तर हाच रूट घ्या.

मला टेन्शन होतं ते दोन्ही आयांचं. एकमेकींची भाषा येत नाही, लग्नानंतर दोनदाच भेटलेल्या. मक भेटेल त्याला अम्मीची ओळख करून द्यायची, "बेसान साया", "बेसान साया". तिसऱ्या वेळेला अम्मीने मला बाजूला घेतलं आणि विचारलं, ही मला बेसन का म्हणते गं? मलयमध्ये विहिणीला बेसान म्हणतात हे मी नऊ वर्षांत अम्मीला सांगितलंच नव्हतं, चूक माझी.

पण पहिल्याच फज्रला, म्हणजे पहाटेच्या नमाजला, एक प्रकार झाला. मस्जिद-ए-नबवीत, मदिनेतल्या पैगंबरांच्या मशिदीत, बायकांच्या भागात आम्ही एका ओळीत, दुसऱ्या रकातीत (नमाजच्या दुसऱ्या फेरीत) रुकूला वाकून परत उभं राहिलो आणि मक ने हात वर केले. त्याच वेळी अम्मीने पण. इमाम तोवर सज्द्यात गेलेले. नमाजेत इकडेतिकडे बघायचं नसतं माहितीये, पण दिसलं त्याला काय करणार. शाफई पंथाचे लोक फज्रमध्ये तिथे हात वर करून कुनूतची दुआ वाचतात, इथले इमाम वाचत नाहीत, आणि दोघींची आयुष्यभराची सवय. सलाम फिरवल्यावर दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. भाभी माझ्या कानात, "ये दोनो क्या कर रहे थे?" भारतात बहुतेक मुसलमान हनफी, भाभी पण हनफी, पण आम्ही कोकणी शाफई, अरबांची समुद्रातून ये-जा होती त्यामुळे, आणि मलेशिया-इंडोनेशिया पण शाफई. अम्मीला हे पुस्तकात माहीत होतं, पण समोर बघितल्यावर म्हणाली, "अगं ही तर आपल्यातलीच आहे." भाभीचं तोंड बघण्यासारखं होतं, सात वर्षं घरातली सून आणि परकी निघाली ती. असरचा, तिसऱ्या प्रहरच्या नमाजचा, वक्त पण तिच्या मोबाईलमध्ये सगळ्यांच्या नंतर वाजायचा.

मदिनेत रौज़ाचं (मशिदीतला पैगंबरांच्या कबरीजवळचा भाग) परमिट सौदीच्या नुसुक अ‍ॅपवर घ्यावं लागतं, बायकांचे स्लॉट वेगळे, आम्ही गेलो तेव्हा एकदा जाऊन आलं की पुढे वर्षभर परत मिळत नव्हतं. अम्मीचं अकाउंट तिच्या फोनवर काढताना माझा एक अख्खा दिवस गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, बीपी वाढतं. तेवढ्यात नवऱ्याने पोरांना अंगणातल्या छत्र्या दाखवल्या, 250 आहेत म्हणे, सकाळी एकदम उघडतात तेव्हा धाकटी श्वास रोखून बघत होती. आणि हॉटेलच्या रूमवर दोन्ही आया डिक्शनरी खेळत होत्या. साबण म्हणजे साबुन, अलमारी म्हणजे अलमारी, खुर्ची म्हणजे करुसी, रोटी म्हणजे रोटी. मी उगाच गुगल ट्रान्सलेटची तयारी करून आलेले.

आता मेन मुद्दा. शाफईंमध्ये मेहरम नसलेल्या बाई आणि पुरुषाच्या कातडीला कातडी लागली की वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुऊन शुद्ध होणं) तुटते, नवरा-बायकोची पण, कारण नवरा मेहरम, म्हणजे ज्याच्याशी लग्न कधीच होऊ शकत नाही असा नातेवाईक, नसतो. आणि तवाफला, म्हणजे काब्याभोवतीच्या फेऱ्यांना, वजू लागतेच, सातही फेऱ्या. मताफमध्ये, काब्याभोवतीच्या अंगणात, पुरुष बायका सगळे एकत्र, रेटारेटी. नवऱ्याने आदल्या रात्री हॉटेलच्या कागदावर हिशोबच मांडला: स्वतःची आई चालेल, सासू चालेल (ती कायमची मेहरम), लेक चालेल, बायको नाही, भाभी नाही. म्हणजे गर्दीत तो माझ्या अम्मीचा हात धरू शकतो, माझा नाही. मी म्हटलं वा.

अम्मीचे गुडघे गेलेत, तिला व्हीलचेअर, आणि व्हीलचेअरवाल्यांना आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथे गर्दी कमी पण फेरी खूप मोठी पडते. तर जावई सासूला ढकलत वर, धाकटी अम्मीच्या मांडीवर, आणि खाली मी, मक, भाभी आणि मोठा.

मलेशियात जाण्याआधी उमऱ्याचा कोर्स करतात आणि तिथले उस्ताद स्वतःच सांगतात की तवाफपुरतं हनफी मत घ्या, त्यात स्पर्शाने वजू तुटत नाही. पण मग वजू पण हनफी पद्धतीनेच करायची, म्हणजे डोक्याच्या किमान चौथ्या हिश्श्यावर ओला हात फिरायला हवा, शाफईंना थोडे केस ओले झाले तरी पुरतं. मक ला हे कोर्समध्ये कळलेलं पण भरवसा नव्हता. हरमला, काब्याच्या मशिदीत, निघायच्या आधी बाथरूमच्या दारात ती भाभीसमोर उभी राहिली, स्कार्फ मागे सरकवला आणि डोकं पुढे केलं. भाभीने हात ओला करून कपाळापासून मागपर्यंत फिरवला, मग दुसऱ्यांदा फिरवला, "हौ, अब हो गया." मग मी पण तिच्याकडूनच चेक करून घेतलं. तीन दिवसात पहिल्यांदा भाभीचा भाव वाढलेला.

काबा पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं ते मी लिहू शकत नाही, प्रयत्न केला, खोडलं. मोठ्याचा पंचा दोनदा सुटला एवढं लिहू शकते. एहराममध्ये शिवलेलं काही चालत नाही म्हणून आत चड्डी पण नाही हे कळल्यापासून तो एक हात कमरेवरच ठेवून चालत होता. आमच्या तिघींच्या पाठीवर मक ने घरूनच केशरी रिबन शिवून आणलेली, मला आधी ती ध्यान दिसेल असं वाटलेलं पण त्या रिबनमुळेच आम्ही एकत्र राहिलो.

चौथ्या फेरीत मागून कोणाच्या तरी पायाचं नख माझ्या टाचेत घुसलं. मोजा ओला लागला. आणि डोक्यात एकदम लाईट पेटली, शाफईंमध्ये रक्ताने वजू तुटत नाही, हनफींमध्ये वाहिलं तर तुटते! मी तर तवाफपुरती हनफी झालेले. बाहेर पडून वजू करून परत यायचं म्हणजे मक आणि पोराला सोडून किती वेळ. भाभीला खेचून हतीमच्या (काब्यालगतची अर्धगोल भिंत) बाजूला जरा रिकाम्या जागेत आणलं, ती चालता चालताच वाकली, मोजा खाली केला, बघितलं. "ठिपका है खाली. बहा नै. चलो." ठिपका हा शब्द ती आमच्याकडे येऊन शिकली.

सई त्या मानाने सोपी, सफा ते मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा, एकूण तीन किलोमीटर होतात, एसी, गुळगुळीत फरशी, व्हीलचेअरची मधली लेन वेगळी. अम्मी आणि नवरा आम्हाला तिथेच भेटले, नवऱ्याचे दंड भरून आलेले. हिरव्या लाईटच्या पट्ट्यात पुरुषांनी पळायचं असतं, मोठा पळाला, पंचा धरून. धाकटीला पाजलेलं ज़मज़मच्या विहिरीचं पाणी तिने अम्मीच्या मांडीवरच परत काढलं.

उमऱ्याचं शेवटचं काम केस कापण्याचं. नवरा आणि मोठा न्हाव्याकडे जाऊन चमनगोटा करून आले. आम्ही बायका रूमवर, पोरांच्या क्राफ्टची छोटी कात्री. भाभीचं म्हणणं चौथ्या हिश्श्याचे केस बोटाच्या पेराएवढे कापायला हवेत, तिने सरळ शेपटा हातात घेतला आणि कापला. शाफईंना किमान तीन केस पुरतात. अम्मी पलंगावर डोळे मिटून बसली आणि मक ने तिच्या बटेतला एकेक केस वेगळा काढून मोजत कापला. "सातु." एक. मग, "दुआ." मलयमध्ये दोनला दुआ म्हणतात.

अम्मी डोळे न उघडता म्हणाली, "आमीन."