घोड्याच्या प्रायमरने गाढव वाचायला गेले तेव्हा

इंटर्नशिपला असताना नागावच्या पुळणीवर माझ्यासमोर एक घोडी दगावली. टुरिस्ट फिरवणारी, आठेक वर्षांची. तिला रोज रेतीवरच पेंढा टाकायचे, पेंढ्याबरोबर रेती पोटात जाऊन साठली आणि एक दिवस पोट धरलं. मी ओठ वर करून बघितला तर दातांच्या कडेने हिरडीवर जांभळट रेघ आलेली, कान थंडगार. दुखणं आतड्याचं असतं पण घोडा पुष्कळदा जातो तो आतड्यातल्या जंतूंच्या भिंतीचं विष, एंडोटॉक्सिन, रक्तात उतरल्यामुळे. घोड्याचं शरीर त्या विषाला इतकं जोरात उत्तर देतं की ते उत्तरच जीव घेतं.

तेव्हापासून डोक्यात होतं की हे उत्तर सगळ्या घोड्यांत सारखंच असतं का? पेशीत टोल-लाइक रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात, त्यातलं पेशीच्या बाहेरच्या अंगावर बसणारं चार नंबरचं, टीएलआर४, एंडोटॉक्सिन ओळखतं, आत निरोप देतं, आणि मग टीएनएफ, आयएल-६ वगैरे दाह पेटवणारी प्रथिनं सुटून ताप, सूज, सगळं सुरू होतं. (हे काम टीएलआर४ चं आहे हे ब्रूस ब्यूटलर यांच्या टीमने १९९८ साली उंदरात दाखवलं, २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठीच.) या निरोप्याच्या जीनमध्ये एखादं अक्षर जनावरागणिक वेगळं असेल तर निरोपही थोडा वेगळा जाऊ शकतो. एमव्हीएससीला, म्हणजे पशुवैद्यकीच्या मास्टर्सला, हाच विषय घेतला, घोडे अलिबाग-नागाव-काशीदचे, आणि सर म्हणाले पेणकडच्या वीटभट्ट्यांवर गाढवं असतात, तीही घे. गाढवांवर एवढं कुणी बघत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशातली गाढवं सव्वा लाखाच्या आसपास भरली, सात वर्षांत साठ टक्क्यांहून जास्त घटली, म्हणजे बघायचं तर आत्ताच.

परवानगीचे कागद, नैतिकता समिती, यात चार महिने गेले, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मालकांची संमती मात्र कागदापेक्षा बोलण्यावर मिळते. अलिबागचे घोडागाडीवाले काका ओहोटीला कुलाबा किल्ल्याच्या फेऱ्या मारतात, त्यामुळे भरती लागल्यावरच हातात सापडायचे, "ताई, एकच सुई हां, दुपारी परत पाण्यातनं जायचंय त्याला". भट्टीवरचे मामा घाटावरचे, दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन खाली येतात, त्यांची गाढवं जेजुरीच्या पौषातल्या बाजारातली. ते म्हणाले, "आक्का, रगत कशापायी? आजारी न्हाई ती." मी म्हटलं आजारी नाही म्हणूनच पाहिजे. त्यांनी स्वतः दावं धरलं, गाढवाच्या डोळ्यावर हात ठेवला, मी मानेची शीर अंगठ्याने दाबली आणि पाच मिली काढलं. गाढव हललंसुद्धा नाही. गाढव दुखणं दाखवतच नाही, घोडा लोळतो, पाय आपटतो, गाढव फक्त खायचं थांबतं आणि मान खाली घालून उभं राहतं. आणि खायचं थांबलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, इतकी की काढलेल्या रक्ताचं पाणी दुधाळ दिसतं. तोवर उशीर झालेला असतो.

ज्यांना सॅम्पल घ्यायचेत त्यांनी एक लक्षात ठेवा, ट्यूब जांभळ्या टोपीची, ईडीटीएची. दुकानातून माझ्या हातात एकदा हिरव्या टोपीच्या दिल्या गेल्या, त्यात हेपरिन असतं आणि हेपरिन पीसीआरचा, म्हणजे जीनच्या तुकड्याच्या लाखो प्रती काढायच्या पद्धतीचा, गळा धरतं. सहा घोड्यांचं रक्त पुन्हा घ्यावं लागलं. थर्माकोलचा डबा, आइसपॅक, मांडव्याहून लाँच, गेटवे, आणि संध्याकाळपर्यंत फ्रीज. डीएनए काढताना गार अल्कोहोल ओतल्यावर नळीत पांढरे तंतू तरंगायला लागतात, ते मी दरवेळी उजेडात धरून बघते.

२१ घोडे आणि १४ गाढवं. घोड्यांचं पीसीआर सरळ झालं, जेलवर सगळ्यांची बँड (प्रती निघाल्या की दिसणारा पट्टा) एका ओळीत. गाढवांत पाचांची बँडच नाही, उरलेल्या नऊंची आली पण फिकट. मला वाटलं भट्टीवरचं ऊन, डीएनए तुटलं असणार, परत काढलं, तेच. पीसीआरचं तापमान ५८ वरून ५२ वर आणलं, बँड जरा ठळक झाल्या आणि मी खूश होऊन सिक्वेन्सिंगला, म्हणजे अक्षरं वाचून घ्यायला, पाठवलं. रिपोर्ट आला तो एकदम स्वच्छ. नऊच्या नऊ गाढवांत त्या तुकड्यात एकही जागा दुहेरी, म्हणजे आईकडून आलेल्या प्रतीत एक अक्षर आणि बापाकडच्या प्रतीत दुसरं, अशी नाही, सगळी एकसारखी. मी प्रकरण लिहायलाही घेतलं की कोकणात उतरणाऱ्या गाढवांत टीएलआर४ मध्ये विविधता दिसत नाही, बहुतेक एकाच रक्तातली असावीत. सरांनी एक वाक्य विचारलं, "ती पाच का आली नाहीत?"

त्या पाचांचं डीएनए दुसऱ्या जीनला मस्त चाललं होतं. म्हणजे डीएनए चांगलं होतं. मग चूक प्रायमरची, म्हणजे जीनवर चिकटून प्रत कुठून काढायची ते ठरवणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याची. प्रायमर मी घोड्याच्या जीनोमवरून (त्याच्या सगळ्या डीएनएच्या अक्षरांवरून) बनवले होते, जो २००९ साली छापून आला तो ट्वायलाइट नावाच्या थरोब्रेड घोडीचा. घोडा-गाढव जवळचे, खेचर होतं ना, असं धरून चालले होते. पण घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३ आणि म्हणून ते वांझ, आणि दोघांच्या वाटा फुटून ४० लाख वर्षं तरी झालीत. गाढवाचा स्वतःचा सुधारलेला जीनोम २०१८ पासून आहे. तो उघडून दोन्ही एकाखाली एक लावले तर माझ्या प्रायमरच्या अगदी शेवटच्या अक्षराखाली गाढवात वेगळं अक्षर. शेवटचं अक्षर बसलं नाही की प्रत काढणारं एन्झाइम सहसा पुढे वाचत नाही.

वाईट पुढेच आहे. ते अक्षर सगळ्या गाढवांत वेगळं नव्हतं, काहींत एका प्रतीत घोड्यासारखं, दुसऱ्या प्रतीत वेगळं. अशा गाढवात माझा प्रायमर घोड्यासारखी प्रत तेवढी वाचायचा आणि दुसरी सोडून द्यायचा, मग दोन वेगळ्या प्रती असलेलं गाढव कागदावर एकसारखं दिसायचं. ज्या पाचांत दोन्ही प्रतींत घोड्याचं अक्षर नव्हतं ती सरळ गायब. म्हणजे जे शोधायला मी गेले होते नेमकं तेच माझं हत्यार गाळून टाकत होतं, आणि मी ते "विविधता नाही" म्हणून लिहिणार होते. त्या रात्री झोप आली नाही, खरं सांगते, कारण ती पाचही फिकट का होईना बँड देऊन गेली असती तर सरांना विचारायला काही उरलं नसतं.

नवीन प्रायमर गाढवाच्या जीनोमवरून, त्या जागेपासून लांब, दोन्ही बाजूंनी. १४ च्या १४ आली. नऊ नंबरच्या गाढविणीचा सिक्वेन्सिंगचा आलेख उघडला तर आधी जिथे एकटा निळा डोंगर होता तिथे निळा आणि लाल, सी आणि टी, एकाच पायावर, साधारण अर्ध्या-अर्ध्या उंचीचे. अशा जागा आणखी निघाल्या, काहींनी प्रथिन बदलत नाही, एका जागी बदलतं. त्याने एंडोटॉक्सिनचा निरोप मंद जातो की जोरात, हे नुसतं अक्षर वाचून कळत नाही, त्यासाठी ताज्या रक्तातल्या पेशींना एंडोटॉक्सिन देऊन टीएनएफ मोजावं लागेल.

पेशी जिवंत हव्यात, म्हणजे परत रक्त, आणि या वेळी मात्र हिरवी टोपीच. मामा पाऊस लागायच्या आत वर गेले, फोनवर म्हणाले नऊ नंबरवाली गाभण आहे, दिवाळीनंतर शिंगरू घेऊनच उतरेल. मी म्हटलं, मामा, मग शिंगराचंही थोडं घेऊ.