हंडा

शनिवार, रात्रीचे साडेअकरा.

संध्याकाळी आई एक वाक्य बोलली आणि ते अजून घशात अडकून बसले आहे. मी बाहेरच्या खोलीत फरशीवर माझ्या कादंबरीच्या आराखड्याची अठ्ठेचाळीस कार्डे मांडून बसलो होतो. पंखा बंद ठेवला होता, कारण तो लावला की तिसरे प्रकरण सोफ्याखाली जाते. आई समोर मेथी निवडत होती. तिने चष्मा नाकावर सरकवला, एकही कार्ड हातात न घेता सगळी ओळीने वाचून काढली आणि म्हणाली, "अरे, पण ह्यात हा करतो काय?"

"कोण?"

"हाच, तुझा दिगंबर. ह्याला सगळं कळतं, ह्याला सगळं दिसतं. पण हा करतो काय?"

एवढे बोलून तिने देठे वर्तमानपत्रात गुंडाळली आणि ती आत गेली. मी तासभर तसाच बसून राहिलो. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, जेवणे झाली, दादाचा फोन येऊन गेला (तो विषय आज नको), आणि तरीही मी मनातल्या मनात तिला उत्तरेच देत होतो. सगळ्याच कादंबऱ्यांतली माणसे काही करतात असे थोडेच आहे? माणसावर परिस्थिती कोसळते, हेच तर मला लिहायचे आहे. अशी बरीच उत्तरे तयार झाली. ती सगळी चांगली होती आणि त्यांतले एकही मला पटले नाही.

कार्डांविषयी लिहायला हवे. ती मी विकत आणलेली नाहीत. कपाटाच्या वरच्या कप्प्यात माझ्याच लग्नाच्या उरलेल्या पत्रिकांचा गठ्ठा होता, जो आईने इतकी वर्षे टाकला नव्हता, आणि का टाकला नव्हता हे मी तिला कधी विचारले नाही. पत्रिका मधोमध कापली की कोऱ्या पाठीची दोन कार्डे होतात. कागद जाड आहे, शाई फुटत नाही, फक्त काही कार्डांवर पलीकडचा सोनेरी गणपती उजेडात धरला की उलटा दिसतो. एका कार्डावर एक प्रसंग लिहायचा, तोही एका वाक्यात, असे आम्हांला कादंबरीलेखनाच्या वर्गात सांगितले आहे.

चार महिने झाले, मी दर शनिवारी दादरला उतरून, फूलबाजारातल्या ओल्या गर्दीतून वाट काढत त्या वर्गाला जातो. बाकीचे सगळे पंचविशीचे आहेत. ते मला काका म्हणतात आणि शेवटच्या बाकावर माझ्यासाठी जागा राखून ठेवतात, ज्यात प्रेम आहे हे मला कळते आणि तरीही टोचते. एकोणपन्नासाव्या वर्षी माणसाने बँकेत कर्जाच्या फायली तपासाव्यात, शनिवारी दुपारी झोपावे. माझ्या कादंबरीची वाट पाहणारे या शहरात कोणी नाही, आणि मी घाम गाळत फरशीवर स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका मांडतो आहे, हे दृश्य लांबून कसे दिसत असेल, याचा मी आज फार विचार केला. पुरे.

आराखडा शिकण्यापूर्वी मला वाटायचे की कादंबरी आतून येते. आता वाटते की आतून फक्त आठवणी येतात आणि त्यांची कादंबरी करायला सुतारकाम लागते. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांनी १९२७ साली केंब्रिजच्या व्याख्यानांत केलेला भेद सरांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिला होता: राजा मेला आणि मग राणी मेली, ही गोष्ट, राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे कथानक. सरांनी त्यावरून एक युक्ती दिली. शेजारशेजारच्या दोन कार्डांमध्ये 'आणि मग' म्हणून पाहायचे, नंतर 'म्हणून' म्हणून पाहायचे, आणि जिथे 'म्हणून' बसत नाही तिथे पेन्सिलीने फुली मारायची. मी ती वहीत भरभरून लिहून घेतली. फुल्या मात्र मारल्या नव्हत्या. आज मारल्या. सत्तेचाळीस सांध्यांपैकी एकोणचाळीस ठिकाणी फुली आली.

मग, स्वतःला अधिक त्रास करून घ्यायचाच असेल तर नीट घ्यावा, म्हणून मी दिगंबरची क्रियापदे मोजली. पाहतो, ऐकतो, त्याला कळते, त्याला आठवते, तो थांबतो, तो गॅलरीत उभा राहतो. गॅलरीत तो सात वेळा उभा राहतो. अठ्ठेचाळीस कार्डांत त्याने स्वतःहून केलेली कृती एकच, एकतिसाव्या कार्डावरची: तो घरातला तांब्याचा हंडा विकायला नेतो. आणि बत्तिसाव्या कार्डावर तो हंडा परत आणतो.

याला मी इतके दिवस संयम म्हणत होतो.

माझी एक खरी अडचण होती, ती आईला कशी सांगणार? मुंबईच्या गिरणी संपावर लिहायचे म्हटले की सुरुवात हातात मिळते: १८ जानेवारी १९८२. त्या दिवशी मी सहा वर्षांचा होतो आणि भोंगा झाला नाही एवढेच मला आठवते. पण शेवट कुठे आहे? अडीच लाखांच्या आसपास माणसे संपावर गेली आणि तो संप रीतसर मागे घेतल्याची तारीखच नाही. तो विरत गेला. कोणी गुपचूप कामावर परतले, कोणी गावी गेले ते गेलेच, कोणी दुसऱ्याच्या इमारतीच्या दाराशी स्टुलावर बसले. फ्रायटाग या जर्मन लेखकाने १८६३ साली नाटकासाठी जो त्रिकोण आखला त्याला वर टोक असते, तिथे चढून उतरायचे असते. माझ्या घटनेला टोकच नव्हते, नुसता उतार होता. म्हणून दिगंबर गॅलरीत उभा राहिला. उतरणीवर माणूस दुसरे काय करणार, असे मी स्वतःला सांगत आलो.

'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरतमुनींकडे तरी आधार मिळेल म्हणून वही मागे चाळली. कार्याच्या पाच अवस्था तिथे उतरवलेल्या होत्या: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती, फलागम. आरंभ याचा अर्थ पहिली घटना, असे मी गृहीत धरले होते. सरांनी मात्र सांगितले होते, आणि माझ्याच अक्षरात ते लिहिलेले होते, की आरंभ म्हणजे फळाविषयीची उत्सुकता. म्हणजे कोणाला तरी काहीतरी हवे असते आणि तिथून नाटक सुरू होते. दिगंबरला काय हवे आहे? मी कार्डांकडे बराच वेळ पाहिले. त्याला काही नको आहे. त्याला फक्त सगळ्यांनी समजून घ्यायला हवे आहे. हे लिहिताना हात किंचित थांबला, कारण हा दिगंबर कोण, हे मी आजवर बाबांच्या बाजूने पाहत आलो होतो.

दहाच्या सुमारास आई पाण्याचा तांब्या भरून घ्यायला बाहेर आली. मी कार्डे उचलली नाहीत हे पाहून ती खुर्चीवर टेकली. मी काही विचारले नव्हते.

"तो हंडा परत नव्हता आला," ती म्हणाली.

"माहीत आहे. मी बदललं ते."

"आणि नेला होता मीच. ह्यांना लाज वाटायची. नळबाजारात गेले होते, मोडीत घातला. त्या माणसाने आधी त्याचे कान हातोडीने चेपले, मग तराजूत टाकला. माझ्या आईने दिलेला होता." मग तिला काहीतरी आठवून हसू आले. "तुला बरोबर नेलं होतं की. तू रडत होतास, म्हणून परतताना तुला पेरू घेतला."

मला पेरू आठवतो. हंडा आठवत नाही.

सुमतीची, म्हणजे दिगंबरच्या बायकोची, माझ्याकडे सहा कार्डे आहेत. एकावर लिहिले आहे, 'सुमती खाणावळ चालवते.' इतकेच. आई झोपायला गेल्यावर मी तीच सहा काढून फरशीच्या मोकळ्या भागावर मांडली आणि युक्ती लावून पाहिली. गिरणी बंद पडली, म्हणून जेवायला येणारे चौदा जण गावी गेले. ते मागची बाकी न देता गेले, म्हणून वाण्याकडची उधारी तटली. उधारी तटली, म्हणून हंडा मोडीत गेला. पेन्सिल हातात होती, पण फुली मारायला जागा सापडेना. त्रिकोण मात्र अजूनही दिसत नाही. तो फ्रायटागसाहेबांनी येऊन शोधावा.

आनंद व्हायला हवा होता. आधी राग आला. म्हणजे चाळीसेक कार्डे बाद, चार महिने पाण्यात, आणि गॅलरीतला तो सूर्यास्त, ज्यावर मी तीन रविवार घालवले आहेत आणि जो खरोखर बरा उतरला आहे, तोही गेला. तो मी वेगळ्या पाकिटात घालून ठेवला आहे. टाकवत नाही. हे घराणेच पत्रिका न टाकणारे आहे.

मग थोडे हसू आले. हरिभाऊ आपटे १८९० पासून आपल्या 'करमणूक' साप्ताहिकात आठवड्याच्या आठवड्याला कादंबरी देत होते आणि तरी त्यांच्याही काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. निदान त्यांना अंक काढायची घाई होती. मला कसलीच घाई नाही, कोणी वाट पाहत नाही, आणि संध्याकाळी ज्या गोष्टीचे रडू येत होते तिचीच आता थोडी सोय वाटते आहे. शनिवारी वर्गात सांगावे लागेल की काकांचा नायक बदलला. पोरे टाळ्या वाजवतील.

कोऱ्या पत्रिका अकरा उरल्या आहेत, म्हणजे बावीस कार्डे. पहिल्यावर लिहिले: 'सुमती हंडा मोडीत घालते.' खाली 'म्हणून' लिहिले आणि अडलो, कारण चाळीत पाणी पहाटे यायचे आणि तासाभरात जायचे, आणि मला हेच ठाऊक नाही की हंडा गेल्यावर ती दुसऱ्या दिवशी पाणी कशात भरून ठेवू लागली. सकाळी आईला विचारायचे आहे. ती चहा घेईपर्यंत थांबावे लागेल, त्याआधी ती बोलत नाही.