लिबर्टीचा गंज

माझं काम जहाजांचे पत्रे तपासण्याचं. जहाज सुक्या गोदीत चढलं की तळाला चिकटलेले शिंपले आणि शेवाळ खरवडायचं, गंजाचे पापुद्रे हातोडीनं पाडायचे आणि उघड्या लोखंडावर यंत्र टेकवून पत्रा किती मिलिमीटर उरलाय ते लिहून घ्यायचं. पोटापाण्याचा उद्योगच हा. त्यामुळे बालीतल्या तुलांबेन गावाजवळ ‘लिबर्टी’ या बुडालेल्या जहाजावर पाण्यात उतरले तेव्हा बरोबरचे सगळे मासे बघत होते आणि मी पत्रे.

या जहाजाबद्दल एक गैरसमज सतत कानावर येतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं ‘लिबर्टी’ नावाच्या वर्गातली २,७०० हून अधिक मालवाहू जहाजं बांधली. घाईघाईनं, वेल्डिंग करून. तुलांबेनचं जहाज त्यांतलं नाही. ते त्या सगळ्यांच्या कितीतरी आधीचं, १९१८ सालचं, न्यू जर्सीतल्या कर्नी इथं बांधलेलं. त्या काळी पत्र्याला पत्रा जोडायचा तो रिव्हेट, म्हणजे दोन्हीकडून चेपलेले लोखंडी खिळे, ठोकून. माझ्यासारखीला हा फरक फार मोठा वाटतो, कारण रिव्हेटचं जहाज मोडतं तेही वेगळ्या रीतीनं: सांध्यासांध्यांनी उसवत जातं.

११ जानेवारी १९४२ रोजी बालीशेजारच्या लोंबोक बेटाजवळ जपानी पाणबुडीनं त्याला टॉर्पेडो मारला. पोटात रेल्वेचं सामान आणि रबर होतं. एक अमेरिकन आणि एक डच विनाशिका त्याला ओढत सिंगराजा बंदराकडे निघाल्या, पण पाणी इतकं शिरलं होतं की तिथवर पोचणं अशक्य झालं. मग निदान माल तरी वाचावा म्हणून तुलांबेनच्या किनाऱ्यावर ते मुद्दाम रुतवलं. तिथं ते वीसेक वर्षं उघड्यावर पडून होतं. १९६३ साली बालीतला आगुंग ज्वालामुखी जागा झाला. त्याच वर्षी आगुंगच्या उतारावरच्या बेसाकीह मंदिरात ‘एक दश रुद्र’ हा शतकातून एकदा करायचा मोठा विधी चालू होता. उद्रेकात हजाराहून जास्त माणसं गेली. मंदिर वाचलं. आणि किनाऱ्यावरचं हे जहाज जमिनीच्या हादऱ्यांनी सरकत पाण्यात गेलं. त्याला टॉर्पेडो लागला एकीकडे, ते बुडालं दुसरीकडे, आणि दोन्हींमध्ये एकवीस वर्षं गेली. असं नशीब मी दुसऱ्या कुठल्या जहाजाचं ऐकलेलं नाही.

आता ते काळ्या वाळूच्या उतारावर कुशीवर पडलंय. लांबी साधारण १२० मीटर. वरचा भाग पाच-सहा मीटरवर, खालचा तिसाच्या आसपास. किनाऱ्यापासून इतकं जवळ की होडीच लागत नाही. गोल, निसरड्या दगडांवरून चालत पाण्यात शिरायचं आणि पायांत फिन्स, म्हणजे रबरी वल्ही, घालून पोहत सुटायचं. हवेचे सिलिंडर मात्र आपण उचलायचे नाहीत. गावातल्या बायका ते डोक्यावर घेऊन त्याच दगडांवरून चालत येतात, कधी एकावर एक असे दोन. त्यांच्या मानेकडे आणि पावलांकडे मी बघतच राहिले. या डायव्हिंगचं गावाला जे मिळतं त्यातला वाटा त्यांच्या हातात जातो, ही मला तुलांबेनची सगळ्यांत चांगली गोष्ट वाटली.

पाणी कोमट, पातळ सूट पुरतो. वाळूत गार्डन ईल हे सापासारखे मासे माना बाहेर काढून डुलत होते, आपण जवळ गेलो की सगळे एकदम आत. मग समोरच्या निळ्या धूसरपणातून जहाजाच्या बरगड्या दिसायला लागल्या. या बरगड्या, म्हणजे फ्रेम, ठरावीक अंतरावर असतात, ते अंतर डोळ्यात बसलेलं असतं, त्यामुळे काही क्षणांतच मला कळलं की मी होल्डच्या, म्हणजे माल भरायच्या कोठाराच्या, बाजूला आहे. खोल पाण्यात तांबडा रंग विरून जातो, सगळं करडं-निळं दिसतं. टॉर्च लावला आणि त्याच फ्रेमवर केशरी स्पंज, लाल समुद्रपंखे, पिवळी मऊ प्रवाळं उजळून निघाली. लोखंड कुठे दिसेचना.

इथे माझं गोदीतलं सगळं शिक्षण उलटं होतं. गोदीत जे खरवडायचं, तेच इथे जहाजाला धरून आहे. लोखंडावर प्रवाळ आणि चुन्याचा घट्ट थर बसला की आतल्या धातूपर्यंत प्राणवायू कमी पोचतो आणि गंजण्याचा वेग मंदावतो. तो थर कुणी हातानं धरून तोडला, फिनची लाथ बसून निघाला, की तेवढ्या जागी ताजं लोखंड पुन्हा उघडं पडतं. आतल्या बंद जागांत शिरलं तर आपल्या श्वासाचे बुडबुडे वरच्या पत्र्याखाली अडकून राहतात. म्हणजे गंजाला आपणच हवा पुरवतो. तांबड्या समुद्रात बुडालेल्या थिसलगॉर्म या जहाजाच्या डेकला हा साठलेला वायू बाहेर पडावा म्हणून भोकं पाडावी लागली. म्हणून मी आत गेले नाही. हात छातीशी बांधून बाहेरूनच, सावकाश फिरले.

वर आल्यावर भाच्यानं विचारलं, “मावशी, अजून किती टिकेल गं हे?”

“मोजल्याशिवाय सांगता यायचं नाही,” मी म्हटलं. “पण बरगड्या कलतायत. वजन खालच्या सांध्यांवर येतंय. तू तुझ्या मुलांना आणशील तेव्हा हा आकार असाच नसेल.”

तो तारकर्लीला शिकलेला पाणबुड्या, आणि त्याचं मन लगेच घरच्या समुद्राकडे धावलं. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेलं ‘गुलदार’ हे जहाज सिंधुदुर्गात निवतीजवळ पाणबुड्यांना बघता यावं म्हणून पाण्याखाली ठेवण्यासाठी महाराष्ट्राला मिळालं आहे. माझं त्याबद्दल आग्रहाचं म्हणणं आहे: जहाज खाली जाण्याआधी तेल, वायरी, रंगाचे विषारी थर निघालेच पाहिजेत, माणूस अडकेल अशा वाटा कापून मोकळ्या केल्या पाहिजेत, होड्या बांधायला कायमचे तरंगते बोये हवेत म्हणजे कुणी नांगर जहाजावर टाकणार नाही. आणि सिलिंडर वाहण्यापासून होडी चालवण्यापर्यंतचं काम गावातल्या माणसांना, विशेषतः बायकांना मिळायला हवं.

तुलांबेनला जाणार असाल तर आदल्या रात्री गावातच मुक्काम करा. दक्षिण बालीतून येणाऱ्या गाड्या सकाळी उशिरा पोचतात आणि मग बरगड्यांपेक्षा फिन्सच जास्त दिसतात. उजाडताना उतरलात तर रात्रभर जहाजात झोपलेले बंपहेड पॅरटफिश बाहेर पडताना भेटतील. मीटरभराहून लांब, कपाळावर टेंगूळ आलेले, आणि प्रवाळ चावतानाचा त्यांचा कडकड आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. उथळ भागात शेवटी भरपूर वेळ ठेवा. वर येण्याआधी सुरक्षेसाठी घ्यायचा पाच मीटरवरचा तीन मिनिटांचा थांबा जहाजाच्या वरच्या टोकाजवळच होतो, तिथेही बघण्यासारखं पुष्कळ आहे. हातमोजे मात्र नेऊ नका. हातमोजे असले की माणूस पत्रा धरतोच.