आजींची परीक्षा घेताना

स्मरणशक्ती तपासायची ३० गुणांची जी चाचणी जगभर वापरतात, ती १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत १०० मधून ७ वजा करत जायचं, एक वाक्य लिहायचं, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढायचे. सातारा जिल्ह्यातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या आजींसाठी तशी चाचणी मराठीत बसवायच्या कामात मी मुलाखती घ्यायचे.

आमच्यापुढे कित्ता होता तो संशोधक मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी हरियाणातल्या बल्लभगढमध्ये केलेल्या, १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीचा. त्यांनी वाचण्या-लिहिण्याचे प्रश्नच बदलले होते. भाषांतर, मग ताडून बघायला त्याचं पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर, हे कंटाळवाणं पण सरळ काम. कसोटी लागली ती गावात.

सोप्यात बसलं की अर्धी आळी जमायची, सून मागून उत्तरं पुरवायची. तारीख विचारली तर, "परवा एकादस झाली, म्हंजी आज तेरस." बिनचूक! पण मूळ नियमाने शून्य. आम्ही तिथीलाही गुण द्यायचं ठरवलं आणि पिशवीत पंचांग आलं.

मिनिटभरात जनावरांची नावं सांगा, हा माझा आवडता प्रश्न. त्याला शाळा लागत नाही. पण गाय, बैल, खोंड, कालवड हे चार धरायचे की एकच? बैठकीत यावर चहा गार झाला. शेवटी नियम लिहून काढला आणि सगळ्यांना तोच लावला.

खरी मेख पुढे होती. वजाबाकीऐवजी वार उलटे म्हणायला सांगितले की आजी खूश, पण मग ज्यांचं विसरणं घरच्यांना जाणवतंय त्याही पूर्ण गुण घेऊन जातात. अशी चाचणी काय कामाची? म्हणून ऐकवलेले शब्द थोड्या वेळाने आठवायचा प्रश्न आम्ही सोपा होऊ दिला नाही. शिवाय घरच्यांना बाजूला घेऊन विचारायचं: दुधाचा हिशेब राहतो का, भाजीत मीठ दोनदा पडतं का, नेहमीची वाट चुकते का?

२४ च्या खाली गुण म्हणजे स्मृतिभ्रंशाची शंका, हा रूढ ठोकताळा निरक्षरांना लावणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांची रेषा डॉक्टरांच्या स्वतंत्र निदानाशी गुण ताडूनच आखावी लागते. आमचं ते काम अजून चालू आहे. तुम्ही आईवडिलांना अशा चाचणीला नेणार असाल, तर शिक्षण किती, ऐकू नीट येतं का, हे आधी सांगा आणि चष्मा न्यायला विसरू नका.